शंभर कशाचे? भाचीला शेकडेवारी शिकवतानाचा माझा अनुभव

माझी भाची आठवीत असताना पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षेला बसली, तेव्हा ताईने तिच्या गणिताची जबाबदारी माझ्यावर सोपवली. आम्ही दोन्ही कुटुंबे नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात जवळजवळ राहतो आणि मी वाशीच्या बाजार समितीत फळांच्या एका गाळ्यावर हिशेबाचे काम करतो, त्यामुळे हे मला जमेल अशी ताईची खात्री होती. या परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न दीड तासात सोडवायचे असतात. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही, म्हणून नुसते येणे पुरत नाही, ते चटकन सुचावे लागते.

भूमिती आणि बीजगणित तिला चांगले येत होते. गाडी अडायची ती शेकडेवारीपाशी. शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, सूट आणि कमिशन हे विषय सहावीपासून आठवीपर्यंत वेगवेगळ्या प्रकरणांतून येतात, आणि प्रत्येक प्रकरणाची सूत्रे वेगळी पाठ केली की मुलांना वाटते, हे सगळे निरनिराळे गणित आहे. माझे स्पष्ट मत आहे की हे एकच गणित आहे आणि त्यात आधी विचारायचा प्रश्नही एकच आहे: उदाहरणात ज्याला शंभर मानले आहे, ते काय आहे?

सुरुवातीला मी तिला ६४० चे ३५ टक्के काढायला सांगितले. तिने क्षणात २२४ लिहिले. मग मी कमिशनचे उदाहरण घातले: एका अडत्याने, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्याने, शेकडा ८ कमिशन कापून शेतकऱ्याला ९,२०० रुपये दिले, तर माल केवढ्याला विकला गेला? तिने ९,२०० चे ८ टक्के म्हणजे ७३६ काढले, ते ९,२०० मध्ये मिळवले आणि ९,९३६ हे उत्तर लिहून त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या. गुणाकार बिनचूक होता, बेरीज बिनचूक होती. मी बरोबर की चूक काहीच न सांगता ताळा करायला सांगितला. ९,९३६ चे ८ टक्के ७९४ रुपये ८८ पैसे झाले, ते वजा केल्यावर ९,१४१ रुपये १२ पैसे उरले.

“मामा, हे ९,२०० येतच नाहीत,” ती म्हणाली.

“मग ८ टक्के कशाचे काढायचे होते?”

थोडा वेळ ती उदाहरण पुन्हा वाचत राहिली. “माल जेवढ्याला विकला त्याचे. पण तेच तर आपल्याला माहीत नाही.”

मला वाटते, शेकडेवारीतली सगळी अडचण या एका वाक्यात आहे. जी रक्कम माहीत नसते, नेमके तिलाच शंभर मानायचे असते, आणि मुलांचा हात मात्र समोर दिसणाऱ्या आकड्याकडे जातो.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावरच्या जुन्या पट्ट्यांपैकी एक घरी नेली. शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा जो हिशेब गाळ्यावरून त्याला दिला जातो, त्याला आम्ही पट्टी म्हणतो. वरच्या बाजूला शेतकऱ्याचे नाव, गाव, पेट्यांची संख्या आणि दर असतो. त्याखाली एकूण विक्री. मग वजा होणारे खर्च. आणि सर्वांत शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. मी तिला प्रत्येक खर्चापुढे तो कशावर बसतो हे पेन्सिलीने लिहायला लावले. हमाली नगावर, तोलाई वजनावर, अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, मात्र एकूण विक्रीवर. हाती पडणाऱ्या रकमेवर यातला एकही खर्च बसत नाही, कारण ती रक्कम सर्वांत शेवटी तयार होते. हे कागदावर दिसल्यानंतर तिने स्वतःच मांडले की विक्री १०० असेल तर शेतकऱ्याला ९२ मिळतात. ९२ च्या जागी ९,२०० आहेत, म्हणून १०० च्या जागी १०,०००. गुणाकारसुद्धा करावा लागला नाही.

मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, कारण पुस्तकातली उदाहरणे आणि बाजारातला व्यवहार यांत फरक दिसला की मुले गोंधळतात. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला. पट्टी जुनी नेण्याचे कारण हेच होते. त्याच १०,००० च्या मालावर अडत खरेदीदाराकडून घेतली, तर शेतकऱ्याला पुरते १०,००० मिळतात आणि खरेदीदार १०,८०० देतो. शंभर दोन्ही ठिकाणी विक्रीचेच. एकदा त्यातून ८ वजा होऊन ९२ राहतात, एकदा त्यात ८ मिळून १०८ होतात. यापुढे तिने प्रत्येक उदाहरणाच्या डाव्या समासात आधी ‘१०० = अमुक’ असे लिहायचे आणि मगच आकड्यांना हात लावायचा, असे आम्ही ठरवले. खरेदी, विक्री, छापील किंमत, मुद्दल, वर्गातली एकूण मुले, जे असेल ते. ही नोंद लिहिली की भाग काढायचा आहे, शतमान काढायचे आहे की पूर्ण संख्या काढायची आहे, हे वेगळे ओळखावे लागत नाही. वर्गात ४० टक्के मुली असून त्यांची संख्या १८ असेल, तर ४० च्या जागी १८, म्हणून १०० च्या जागी ४५, एवढेच.

वेगाचा प्रश्न सोडवला तो माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने. आईला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे अजून तोंडपाठ आहेत. शेकडा २५ वाढ म्हटले की ती कागद न घेता सवापट करते. रुपयाचे सोळा आणे होते त्या काळात ती लहान होती. १९५७ मध्ये दशमान नाणी आली तरी तिचे डोके आण्यातच चालत राहिले, आणि आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, म्हणजेच शेकडा सव्वासहा. शाळेत दशांश अपूर्णांकांवर भर असल्याने भाची साडेबारा टक्के काढताना ०.१२५ ने गुणत बसे; आजी मात्र सरळ आठने भागून मोकळी होई. मग आम्ही एका पुठ्ठ्यावर मोजक्याच जोड्या लिहिल्या: साडेबारा टक्के म्हणजे एकअष्टमांश, १६ पूर्णांक दोनतृतीयांश टक्के म्हणजे एकषष्ठांश, साडेसदतीस टक्के म्हणजे तीनअष्टमांश, आणि तेहेतीस पूर्णांक एकतृतीयांश म्हणजे एकतृतीयांश. बहुपर्यायी परीक्षेत या पाठांतराइतके उपयोगी दुसरे काही नाही, असे मी अनुभवाने म्हणतो. दशांशाने उत्तर येते, पण अपूर्णांकाने ते आधी दिसते.

अपूर्णांकांचा आणखी एक लाभ झाला. वस्तूची किंमत २५ टक्क्यांनी वाढवून पुन्हा मूळ किमतीवर आणायची असेल तर किती टक्के घटवावी, हा प्रश्न सगळ्याच सरावसंचांत असतो. ४०० ची वस्तू ५०० ला गेली, वाढ १०० ची. परत येताना घटही १०० चीच, पण आता शंभर मानायचे ते ५०० ला, म्हणून घट २० टक्के. एकचतुर्थांशाने वाढलेले एकपंचमांशाने परत येते. भाचीने हेच पुढे नेऊन एकपंचमांशाने वाढलेले एकषष्ठांशाने आणि एकतृतीयांशाने वाढलेले एकचतुर्थांशाने परत येते, हे स्वतः करून पाहिले आणि असे का होते तेही मला समजावून सांगितले. तो दिवस मला फार समाधानाचा वाटला.

किमतीतल्या सुटीच्या उदाहरणांवर आम्ही फारसा वेळ घालवला नाही. दुकानात ‘५० टक्के अधिक २० टक्के’ अशी पाटी असली तर दुसरी सूट उरलेल्या निम्म्या किमतीवर मिळते, म्हणून एकूण सूट ६० टक्के होते, ७० नव्हे. जीएसटी धरून ५९० रुपयांचे बिल असेल आणि दर १८ टक्के असेल, तर ५९० म्हणजे ११८ भाग, म्हणून मूळ किंमत ५०० आणि कर ९०. समासातली नोंद केल्यावर हे प्रकार तिला नवीन वाटले नाहीत.

वाढीची शेकडेवारी शिकवताना मी आपल्याच दोन शहरांची लोकसंख्या घेतली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे शहर सुमारे १२ लाख ६२ हजारांवरून १८ लाख ४१ हजारांवर गेले आणि नवी मुंबई सुमारे ७ लाख ४ हजारांवरून ११ लाख २० हजारांवर. ठाण्यात ५ लाख ७९ हजार माणसे वाढली, नवी मुंबईत ४ लाख १६ हजार. तरीही टक्केवारीने ठाण्याची वाढ सुमारे ४६ आणि नवी मुंबईची सुमारे ५९ भरते. जास्त माणसे वाढली त्या शहराची टक्केवारी कमी कशी, यावर ताई, आजी आणि भाची यांच्यात बराच वाद झाला. शेवटी भाचीने दोन ओळी लिहिल्या: ठाण्याचे शंभर १२ लाख ६२ हजारांचे, नवी मुंबईचे शंभर ७ लाख ४ हजारांचे. याच सुमारास गुण ६० टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले तर वाढ ६ ची म्हणायची की १० टक्क्यांची, हाही प्रश्न निघाला. गुणांच्या टक्केवारीत ६ ची भर पडली आणि पूर्वीच्या ६० ला शंभर मानले तर वाढ १० टक्के झाली. दोन्ही विधाने खरी आहेत, मात्र कोणते विचारले आहे ते वाचूनच ठरवावे लागते.

परीक्षेत शेकडेवारीचे सगळे प्रश्न वेळेत सोडवून झाले, असे तिने सांगितले. त्यानंतर शाळेत चक्रवाढव्याज सुरू झाले तेव्हा मी सवयीने तिच्या शेजारी बसलो. मुद्दल १०,०००, दर १० टक्के, मुदत ३ वर्षे. तिने समासात एकाखाली एक तीन नोंदी केल्या: पहिल्या वर्षी १०० = १०,०००, दुसऱ्या वर्षी १०० = ११,०००, तिसऱ्या वर्षी १०० = १२,१००. मग प्रत्येक वेळी दहावा भाग मिळवत ती १३,३१० वर आली आणि पुढच्या उदाहरणाकडे वळली.