स्वस्त कन्सोल शोधताना

आज दिवसभर डोक्यात हेच. पोरांना कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं मशीन, घ्यायचाय, बजेट ठरलंय, आणि ते बजेट ऐकून नवऱ्याने नुसत्या भुवया वर केल्या, म्हणाला एवढ्यात काय येणार. येतं हो, पण काय येतं ते नीट बघावं लागतं, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मशीनची किंमत बघून काही कळतच नाही, हे मला आता पक्कं पटलंय. कंपन्या मशीन कमी फायद्यात विकतात आणि पुढची कमाई गेम्समधून आणि सबस्क्रिप्शनमधून करतात. म्हणजे आपण एकदा खर्च केला असं समजतो आणि ते दुकान मात्र घरात कायमचं उघडं राहतं. म्हणून मी आज वहीत वेगळाच हिशोब मांडला. मशीन, दुसरा कंट्रोलर (हातात धरून खेळायचा तो), पहिल्या दोन वर्षांत लागतील तेवढे गेम, ऑनलाइनचे पैसे, आणि शेवटी हे सगळं विकलं तर परत किती येतील. असं मांडलं की यादीतले नंबर पार उलटेपालटे होतात.

उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस. २०२० मध्ये आला, छोटासा पांढरा डबा, दिसायला गोड, आताच्या पिढीतल्या मशीनमध्ये बऱ्यापैकी स्वस्त. पण त्याला डिस्क ड्राइव्हच नाही. म्हणजे सगळे गेम डाउनलोड करायचे, म्हणजे जुनी डिस्क अर्ध्या किमतीत घेतली, खेळून झाल्यावर कुणाला तरी विकली, हा मार्गच बंद. त्यात सुरुवातीच्या मॉडेलचं ५१२ जीबी स्टोरेज, त्यातलं हाताला लागतं साधारण ३६४ जीबी, आणि हल्लीचा एकेक मोठा गेम १०० जीबी खाऊन बसतो. गेमपास, म्हणजे दरमहा पैसे भरून बरेच गेम खेळू देणारं सबस्क्रिप्शन, घेऊन वर्षभर ढीगभर गेम खेळणारं घर असेल तर चांगलाच सौदा आहे, आमची पोरं मात्र एकच गेम सहा महिने चावत बसतात, दर महिन्याचे पैसे कशाला भरू.

धाकटीला मारिओ हवाय. मारिओ म्हणजे निंटेंडो, दुसरा पर्याय नाही. मला त्यांच्या स्विच या मशीनचा छोटा भाऊ स्विच लाइट आवडला होता, हलका, मुलांच्या हातात मावणारा, साध्या स्विचपेक्षा स्वस्त, तर भाच्याचा फोन, "आत्या, लाइट घेऊ नकोस, तो टीव्हीला लागत नाही आणि कंट्रोलरही सुटे होत नाहीत." मी बघितलं तर खरंच तसं आहे. एकट्या मुलासाठी, प्रवासात वगैरे, मस्त. पण दोन भावंडांत एकच छोटा स्क्रीन म्हणजे रोज संध्याकाळी कुस्तीचा आखाडा. साध्या स्विचचे दोन्ही बाजूचे जॉयकॉन, म्हणजे छोटे कंट्रोलर, काढले की वेगळं काही न घेता दोघं खेळू शकतात, टीव्हीलाही लागतो, ही गोष्ट मला फार हुशारीची वाटली. अडचण एवढीच की निंटेंडोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं भाव सोडत नाहीत, सेकंडहँडमध्येसुद्धा. मशीन जुनं मिळेल, पण गेम महागच राहणार. विकताना बरेचसे पैसे परत येतात ही त्यातल्या त्यात समाधानाची बाजू.

उरला सोनीचा पीएस४ (प्लेस्टेशन ४). २०१३ चं मशीन, पोरांच्या दृष्टीने म्हातारं, थोरला "आई, सगळ्यांकडे पीएस५ आहे" म्हणून तोंड पाडून बसला (सगळ्यांकडे म्हणजे दोघांकडे, मी विचारून घेतलं). पण डिस्क ड्राइव्ह आहे, जुन्या डिस्क भरपूर आणि स्वस्त आहेत, फुटबॉलचा गेम आहे, माइनक्राफ्ट आहे, लेगोचे गेम आहेत ज्यात दोघं एकाच सोफ्यावर बसून खेळू शकतात आणि दुसरा मध्येच आला-गेला तरी खेळ थांबत नाही. आणि पुढे कधी डिस्कवाला पीएस५ घेतला तर यातल्या जवळजवळ सगळ्या डिस्क त्यावर चालतात. म्हाताऱ्याचा एवढा उपयोग पुरेसा आहे.

दुपारी एका विकणाऱ्याच्या घरी जाऊन एक जुना पीएस४ बघितला. वरून चकाचक, अगदी पुसून ठेवलेला. भाच्याने शिकवून पाठवलं होतं, त्यामुळे मी सरळ म्हटलं गेम लावा. गेम सुरू झाला, मी कंट्रोलर हातात न धरता टेबलावर ठेवून दिला, आणि पडद्यावरचा गडी आपला आपण डावीकडे चालायला लागला, भिंतीला जाऊन थडकला तरी चालतोच आहे. कुणाचं बोट नाही काही नाही. यालाच ड्रिफ्ट म्हणतात, कंट्रोलरवरच्या छोट्या काठीखालचा सेन्सर घासून घासून झिजला की असं होतं. तो माणूस म्हणे "सेटिंगमध्ये जाईल हो ते". झिजलेली वस्तू सेटिंगने कशी भरून निघेल? मग डिस्क घातली तर आत घर्र घर्र करून बाहेर आली. मी चहा न घेताच निघाले.

आता माझी यादी अशी झालीय की मशीन निदान अर्धा तास चालवून बघायचं, पंखा विमानासारखा ओरडतोय का ऐकायचं, डिस्क दोन-तीनदा घालून काढायची, टीव्हीला जोडायची एचडीएमआयची वायर जराशी हलवून चित्र जातंय का बघायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंटरनेटला जोडून आपल्या अकाउंटने लॉगिन होतंय का बघायचं, कारण कंपनीने बंदी घातलेलं मशीन बाहेरून ओळखूच येत नाही. आधीच्या मालकाने स्वतःचं अकाउंट काढून मशीन रीसेट करून दिलं पाहिजे, तेही समोर.

निंटेंडोचा हातात धरायचा जुना थ्रीडीएस फारच स्वस्त मिळतोय असं एक मैत्रीण म्हणाली. मिळतोय, पण त्याचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झालं, आता जी कार्ट्रिज बाजारात फिरतायत तेवढ्यावरच भागवायचं. आणि ते "हजार गेम एका डब्यात" वाले तर विचारूच नका, तेच दहा-बारा गेम नावं बदलून परत परत.

फुकट गेमचंही एक आहे. फोर्टनाइट, रोब्लॉक्स फुकट, पण गेममधल्या पात्रांचे कपडे आणि नाच विकत. त्यामुळे मुलांचं वेगळं अकाउंट, खरेदीला पासवर्ड, कार्ड सेव्ह करायचं नाही, हे मशीन घरात आल्यावर पहिल्याच दिवशी, पोरं झोपल्यावर. वेळेची मर्यादाही तेव्हाच लावून टाकीन, नंतर लावायला गेलं की महाभारत.

नवऱ्याचं म्हणणं, जुना लॅपटॉप पडलाय, त्यालाच कंट्रोलर जोडू, एपिक या कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला फुकट गेम मिळतो. कल्पना वाईट नाही. पण लॅपटॉप सुरू व्हायलाच एवढा वेळ घेतो की पोरांचा खेळायचा वेळ त्यातच संपेल, आणि अपडेट अडकलं की हाक मलाच येणार.

तर ठरलं, पीएस४ स्लिम (त्याच पीएस४चं बारीक मॉडेल), सेकंडहँड, एक कंट्रोलर त्याच्यासोबतचा आणि एक नवाकोरा. धाकटीला रेमन लेजेंड्स हा गेम दाखवला, उड्या मारणं आहे, रंग आहेत, आणि दादासोबत खेळता येतो, तर मारिओचा विषय सध्या मागे पडलाय. उद्या आणखी एक मशीन बघायचंय, मालक फोनवर म्हणाला बिल आणि खोकं दोन्ही आहे. भाच्याला सोबत नेईन, आणि घासाघीस मात्र मीच करणार, तो लगेच हो म्हणून टाकतो.