तुम्ही विचारलंत म्हणून: ते नाकावर लावून झोप लागते का?

मी सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, वापरतो हे कळलं की पुढचा प्रश्न हाच असतो. विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा एक मशीन कपाटावर धूळ खात पडलेलं असतं. आवाजावरूनच कळतं मला.

लागते. पण पहिले तीन आठवडे नाही लागली.

स्लीप स्टडीत माझा एएचआय ३८ आला. म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबत होता किंवा अपुरा पडत होता. ३० आणि त्यापुढचं सगळं तीव्र प्रकारात मोडतं. त्या धास्तीने पहिल्या रात्री मी निष्ठेने मास्क चढवला. सकाळी तो पलंगाखाली सापडला. कधी काढला, काही केल्या आठवेना.

मग हवा डोळ्यांत जायला लागली. गळतंय म्हणून पट्टे आवळले, तर जास्तच गळायला लागलं. आणखी आवळले. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ, आणि फुसफुस चालूच. मी मशीनला शिव्या घालत होतो. चूक माझ्या हातांची होती. मास्कची सिलिकॉनची कडा हवेने फुगून चेहऱ्याला धरते. पट्टा करकचून ओढला की ती चेपते, तिला घडी पडते आणि त्या घडीतूनच हवा निसटते. शिवाय मी मास्क बसवायचो आरशासमोर उभं राहून. आडवं झालं की गाल ओघळतात, चेहऱ्याचं मापच बदलतं. आता आधी आडवा होतो, मशीन सुरू करतो, मास्क जरासा उचलून कडा फुगू देतो आणि मग अलगद टेकवतो. कड रोज साबणाच्या पाण्याने धुतो, कारण चेहऱ्याच्या तेलावर ती घसरते. मिशी मात्र बारीक करावी लागली, तेवढं दुःख आहे.

सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये हा उपाय जगासमोर मांडला, तेव्हा सुरुवातीचे मास्क नाकावर चक्क चिकटवावे लागत. त्यामानाने आपले पट्टे परवडले.

तोंडाला कोरड पडायची ती नाक चोंदल्यामुळे. तोंड उघडं राहायचं आणि नाकातून दिलेली हवा तिथून निघून जायची. झोपण्याआधी सलाईनने नाक मोकळं करायला लागलो, मशीनची हवा दमट करणारा ह्युमिडिफायर वाढवला, आणि तोंड आपोआप मिटलं. ज्यांचं मिटत नाही त्यांच्यासाठी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असतो. ह्युमिडिफायर वाढवल्यावर एका थंड रात्री नळीत पाणी साचलं आणि कानाशी कुणी गुळण्या करतंय असं वाटलं. नळी पांघरुणात घेतली, थांबलं.

घुसमटीचं वेगळंच. हवा येत असूनही ती पुरत नाही असं वाटायचं. रॅम्प नावाच्या सेटिंगमुळे हवेचं प्रेशर ४पासून हळूहळू चढत होतं, आणि मला ते ४च कमी पडत होतं. डॉक्टरांनी सुरुवात ६वर आणली. जोडीला संध्याकाळी टीव्ही बघताना मास्क लावून बसायचो. घरचे हसायचे, हसू दे.

घोरणं थांबलं त्या रात्री बायकोला झोप येईना. दोनदा उठून माझा श्वास चालू आहे ना, बघून गेली.

एएचआय आता ३च्या आसपास असतो. मास्क अजूनही कधीमधी पलंगाखाली सापडतो. उचलतो, कड पुसतो, पुन्हा लावतो.