सरांचा नादकाटा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा ग्रुपवर मेसेज आला आणि मी दोन दिवस नुसतीच बसून राहिले, कारण शाळा म्हटलं की मला आधी विज्ञानाचे सरच आठवतात. नाव लिहायची गरज नाही, आपल्या वेळच्या कुणालाही विचारा.

नववी ब, जिन्याजवळचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास. विश्वाचा धडा एवढासा होता, दुसरं कुणी असतं तर घरी वाचून या म्हणून सोडून दिला असता, सरांनी त्यावर अख्खा आठवडा घातला. पहिल्या दिवशी फळ्यावर एक ठिपका काढला, म्हणाले हा आपला सूर्य, असे निदान १० हजार कोटी तारे मिळून आपली आकाशगंगा होते आणि तिच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला प्रकाशाला सुद्धा साधारण १ लाख वर्षं लागतात. एवढंच विश्व की आणखी काही, यावर १९२० साली सुद्धा शास्त्रज्ञ भांडत होते. मग १९२३ मध्ये एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाला देवयानीत, म्हणजे आकाशात पुसट ढगासारख्या दिसणाऱ्या एका डागात, एक तारा सापडला, ठरावीक दिवसांनी उजळणारा आणि मंदावणारा. अशा ताऱ्यांचा तो काळ आणि त्यांचं खरं तेज यांचं नातं हेन्रिएटा लेविट या बाईंनी आधीच शोधून ठेवलं होतं, (सर हे नाव मुद्दाम दोनदा घ्यायचे, मुलींकडे बघून) त्यावरून अंतर काढलं तर देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर निघाली! म्हणजे ती स्वतःच एक वेगळी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह.

दुसऱ्या दिवशी सर प्रयोगशाळेतला नादकाटा घेऊन आले, तो आपटला की वाजणारा, एक दांडा आणि दोन भुजांचा. आम्हाला वाटलं आज ध्वनी. सरांनी तो टेबलावर आडवा ठेवला आणि म्हणाले, हबलने दीर्घिकांचे प्रकार असे मांडलेत. हा दांडा म्हणजे लंबवर्तुळाकार दीर्घिका, काही चेंडूसारख्या गोल, काही चपट्या होत गेलेल्या. जिथून दोन भुजा फुटतात तिथे भिंगाकार, तबकडी आहे पण फाटे नाहीत. मग एका भुजेवर सर्पिल, मधल्या फुगवट्याभोवती फाटे गुंडाळलेल्या, आणि दुसऱ्या भुजेवर दंडसर्पिल, ज्यांच्या मधोमध ताऱ्यांचा दांडाच असतो आणि त्याच्या टोकांपासून फाटे निघतात. (आपली आकाशगंगा तेव्हा आम्ही सर्पिल म्हणून लिहायचो, आता ती दंडसर्पिल मानतात.) आणि मग खडूचा एक तुकडा बाजूला ठेवला, नादकाट्याला न चिकटवता. ह्या अनियमित, मॅगेलनच्या ढगांसारख्या (ढग नावापुरते, त्या आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका), यांना धड आकारच नाही.

मी हात वर केला. विचारलं, सर, दांडा आधी आणि भुजा नंतर, म्हणजे लंबवर्तुळाकार दीर्घिका मोठ्या झाल्या की सर्पिल होतात का?

सर थांबले. म्हणाले, "मला माहीत नाही. बघून सांगतो."

शिक्षकाच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि खरं सांगायचं तर मी विसरूनही गेले होते, आठ-दहा दिवसांनी पी.टी.च्या तासाला मैदानात सर शोधत आले, हातात दुमडलेला कागद, सगळ्यांसमोर म्हणाले, अगं तुझं उत्तर मिळालं, तसं होत नाही, झालं तर उलटच होतं! दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या तर फाटे मोडतात, ताऱ्यांच्या कक्षा कशाही विस्कटतात, वायू संपत आला की नवीन तारे जन्मायचे थांबतात, आणि उरते ती लंबवर्तुळाकार, म्हाताऱ्या लालसर ताऱ्यांची. तारे मात्र एकमेकांवर आपटत नाहीत, त्यांच्यामध्ये जागाच तेवढी असते. आपली आणि देवयानी पण एकमेकींकडे येतायत म्हणाले. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

पुढे मी कॉम्प्युटरकडे गेले, नोकरी त्यातच, पण पहिल्या बोनसमधून दुर्बीण घेतली आणि आता शनिवारी गच्चीवर सोसायटीतली मुलं जमतात. देवयानी दाखवते, दिव्यांच्या उजेडात ती नुसता पुसट डाग दिसते, पण तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय म्हटलं की मुलं परत परत डोळा लावतात. मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले, प्रयोगशाळेच्या जागी कॉम्प्युटर रूम झालीय. चांगलंच आहे, पण नादकाटे कुठे गेले ते कुणालाच सांगता आलं नाही, फार वाईट वाटलं.

कार्यक्रमाला सर येणार आहेत असं कळलंय. सर, मी कागद घेऊन येतेय, त्यात एक भर घालायचीय. २०२५ मध्ये नवीन अभ्यास आलाय, हबल आणि गाया या दुर्बिणींच्या मोजमापांवरून केलेला. आपली आणि देवयानीची टक्कर नक्की असं आता म्हणता येत नाही, पुढच्या १ हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता साधारण ५० टक्केच. आणि ती कमी करणाऱ्यांत मॅगेलनच्या मोठ्या ढगाची ओढ आहे सर, तुम्ही बाजूला ठेवलेला तो खडूचा तुकडा.