वाडीत पडलेलं ऊन: श्रीवर्धन ते वेसवी, नोव्हेंबर २०२०

सुपारीच्या वाडीत ज्यांनी कधी फोटो काढलेत त्यांना माहीत असेल, तिथे भर दुपारीसुद्धा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता; अंधार जास्त तितका आकडा मोठा) १६०० च्या खाली आणायची हिंमत होत नाही. वर पोफळींचे शेंडे एकमेकांत गेलेले, खाली जायफळ, केळी, मिरवेली. उन्हाचे चार ठिपके जमिनीवर आले तर आले. गेल्या आठवड्यात श्रीवर्धनच्या एका वाडीत सवयीनं १६०० लावला आणि पहिला फोटो पांढराफटक आला. थेट २०० वर उतरलो. मागून वाडीच्या काकू म्हणाल्या, "ऊन फार आलं ना? आम्हालाही अजून सवय नाही हो."

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी १०० ते ११० किलोमीटरच्या वाऱ्यानं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि बाणकोट खाडीपलीकडचं केळशी-आंजर्ले हा पट्टा त्यात सापडला, वाड्यांतल्या पोफळी आडव्या झाल्या. उडालेल्या पत्र्यांचे फोटो तेव्हाच येऊन गेले. मला पाच महिन्यांनंतरचं बघायचं होतं: पाणी कसं भरतात, सुपारी कुठे वाळवतात, संध्याकाळी ओटीवर कोण बसतं.

पुण्याहून मोटारसायकलनं ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. पहाटे निघालात तर जेवायला पोचता. ताम्हिणीतले खड्डे वर्णन करण्याच्या पलीकडचे आहेत, पुढे चला.

पहिला दिवस वाया गेला, आणि माझ्याच चुकीनं. आडवे माड, तुटलेली कौलं, निळ्या ताडपत्र्या असं धडाधड टिपत सुटलो. संध्याकाळी पाहिलं तर सगळे फोटो जूनमधलेच वाटत होते. वर आणखी एक घोटाळा. गळ्यात मोठा कॅमेरा दिसला की लोकांना वाटतं, पंचनाम्याचा माणूस. एक आजोबा मला हाताला धरून मागच्या पडवीत घेऊन गेले आणि न बदललेले वासे एकेक करून मोजून दाखवले. मी सरकारी नाही हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला, तो फोटो मी काढला नाही. तेव्हा गेलात तर अंगणात पाय ठेवायच्या आधीच सांगा: कोण, कुठला, फोटोचं काय करणार. तेव्हा कोरोनामुळे मास्क असल्यानं चेहराही दिसत नव्हता, आवाजातच काय ते कळायचं.

भरपाईचा विषय निघतोच, म्हणून एवढं माहीत असू द्या. बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. इथल्या वाड्या मोजतात गुंठ्यांत. दहा गुंठ्यांना हिशेबानं पाच हजार येतात, आणि नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं. काकूंनी जुन्या बुंध्यांच्या मधे रोपं लावलीत, पण सावली गेल्यामुळे त्यांना झावळ्यांचा आडोसा करावा लागतो. उरलेली जायफळं उन्हानं पिवळी पडलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाडेली, म्हणजे झाडावर चढून सुपारी उतरवणारा, आला. पूर्वी तो एकदा वर चढला की शेंडा झोकात वाकवून शेजारची पोफळ धरायचा, तिथून पुढची. वाडीची कड येईपर्यंत पाय जमिनीला लागत नसत. आता दोन झाडांमध्ये मोकळं आकाश. प्रत्येक पोफळीवरून खाली उतरायचं, पायातला काथ्याचा वळसा काढायचा, चार पावलं चालायचं, परत चढायचं. "दादा, चढण्याचं काही नाही, उतरण्यानं गुडघे गेले," म्हणाला. मी दीड तास फक्त त्याचे पाय टिपत होतो, जमिनीला टेकतानाचे. अख्ख्या प्रवासातले माझ्या मते कामाचे फोटो तेवढेच. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावरही दोन पहाटा घालवल्या, पण तिथे आधीच चार कॅमेरे होते.

दुपारची कामं मात्र वेगळीच निघाली. पत्रे उडाले तेव्हा घराघरातले अल्बम भिजले. एकीला तिच्या भिजलेल्या फोटोचा फोटो काढून दिला आणि तासाभरात ओटीवर रांग लागली. तुम्हीही तयारीनं जा. काचेला चिकटलेला फोटो सोलायला जाऊ नका, वरचा थर काचेवरच राहतो. फ्रेमसकट उजेडाच्या बाजूला आडवा ठेवा, स्वतःच्या मागे काळं कापड धरायला कुणाला तरी उभं करा म्हणजे मागच्या उजेडाचं प्रतिबिंब काचेत पडत नाही, आणि सरळ वरून टिपा. काळी चादर नसेल तर काळी छत्री चालते, मी तेच केलं.

बाकी किरकोळ. वीज आली होती, पण मी होतो तिथे दाब कमी. बॅटऱ्या रात्रभर लावूनही अर्ध्याच भरल्या, दोन जास्तीच्या न्या. रोख पैसे जवळ ठेवा. राहायला घरगुती खोली घ्या, त्या वर्षी त्याच पैशांनी कौलं चढत होती. घासाघीस करू नका. परतताना बागमांडल्याहून फेरीबोटीनं गाडीसकट वेसवीला उतरलो. शेवटची फेरी कधीची ते जेटीवर सकाळीच विचारून ठेवा, नाहीतर खाडीला मोठा वळसा पडतो.

निघायच्या सकाळी काकूंनी त्यांच्या लग्नाचा फोटो आणला. जोडपं वाडीच्या तोंडाशी उभं, मागे सगळं काळं आणि त्यावर ओलीचे डाग. म्हटलं, "मागचं कापून फक्त तुम्हा दोघांना मोठं करून देऊ?"

"नको, काळोख राहू दे," म्हणाल्या. "ती वाडी आहे."

आठ बाय दहाची प्रिंट सांगितलीय. जानेवारीत द्यायला जाणार आहे, आणखी एकवीस जणांच्या आहेत. मागच्या सीटवर जागा आहे, हेल्मेट आपापलं.