रात्री एक वाजता टाकीत टेप सोडली तेव्हा

आमच्या इमारतीत ६४ घरं. राहायला आलो तेव्हा सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास पाणी यायचं. पुढच्या बारा वर्षांत आजूबाजूचे बंगले एकेक करून पडले, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि रस्त्याखालची लाइन मात्र तीच राहिली. चार तासांचे दोन झाले, मग दीड. शेवटी दारात रोज १०,००० लिटरचा एक टँकर, उन्हाळ्यात दोन.

सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये एकच पालुपद: ‘बाहेरून माणसं येऊन कोंबली, पाणी पुरणार कुठून?’ मीसुद्धा तावातावाने हेच बोलायचे. मी स्वतः बाहेरूनच आलेली, हे सोयीस्करपणे विसरून. खरं तर येणारे थांबणार नाहीतच. २००७ च्या सुमाराला जगातली निम्मी माणसं शहरात राहायला लागली होती आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत हा आकडा ६८ टक्क्यांवर जाईल. पण मीटिंगमध्ये असले आकडे सांगून कुणाच्या बादलीत पाणी पडत नाही.

सेक्रेटरीपद कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. पहिलं काम केलं ते पाणीखात्याकडे मोठ्या कनेक्शनसाठी अर्ज करण्याचं. तीन खेपा झाल्यावर तिथले इंजिनिअर म्हणाले, ‘मॅडम, लाइनलाच प्रेशर नाही. मोठा पाइप दिला तर त्यातून हवा येईल. तुमचा रोजचा वापर किती आहे?’ मला सांगता येईना. टँकर किती येतात ते तोंडपाठ, पण नळाचं किती येतं आणि सगळं मिळून जातं कुठे, याचा पत्ता नाही. राग आला होता, पण माणूस बरोबर बोलत होता.

आमच्या प्लंबरदादांना विचारलं. ते म्हणाले, ‘ताई, गळती दिसत नाही म्हणजे नाही, असं थोडंच आहे? रात्री मोजा. सगळे झोपल्यावर जे पाणी जातं ते कुणी वापरत नसतं.’

मग एका रात्री एक वाजता आम्ही दोघं आणि वॉचमनकाका गच्चीवर. पंप बंद, टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद. टाकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की २०० लिटर गेलं. टेप आत सोडून पाण्याची रेघ टिपली. चार वाजता पुन्हा बघितलं तर सहा सेंटिमीटर खाली. तीन तासांत १,२०० लिटर! मी मोबाइलच्या उजेडात दोनदा गुणाकार केला. तासाला ४००, म्हणजे दिवसाला ९,६००. कुणी रात्री उठलं असेल, ते थोडं वजा करा. तरीही दारात येणारा रोजचा टँकर जवळजवळ जसाच्या तसा गटारात जात होता.

चोर बहुतेक फ्लशच्या टाक्यांमध्ये असतो, असं दादांचं म्हणणं. आतलं रबर झिजलं की पाण्याची बारीक धार भांड्याला चिकटून उतरते, आवाज नाही की काही नाही. तपासायची युक्ती सोपी: फ्लशच्या टाकीत रंग टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचा नाही आणि भांड्यात रंग उतरतो का बघायचं. लोकांचा संकोच जावा म्हणून सुरुवात माझ्याच घरापासून केली. दहा मिनिटांत भांड्यात निळा ओघळ! माझी इतकी फजिती झाली की पुढे कुणी दार बंद केलं नाही. ६४ पैकी १९ घरांत रंग उतरला. त्यातलं एक घर तर दोन वर्षं कुलूपबंद; मालकांना फोन करून, किल्ली मागवून तिथला व्हॉल्व्ह बंद करायला तीन आठवडे लागले. बाकी दुरुस्त्या एका रविवारात उरकल्या.

महिन्याभराने तीच चाचणी पुन्हा केली, तर तीन तासांत दीड सेंटिमीटर. नळांना जाळीच्या तोट्या बसवल्या, त्यानेही फरक पडला. आता टँकर दिवसाआड येतो.

सगळं जमलं असं नाही. प्रत्येक घराला मीटर लावायचा ठराव मी हौसेने मांडला आणि तोंडावर आपटले. जुनी इमारत, स्वयंपाकघराची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी, संडासाची वेगळी. एका घराला तीन मीटर लागणार. मग वरून उतरणाऱ्या प्रत्येक मुख्य लाइनला एकेक मीटर यावर तडजोड झाली. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा हिशोब मात्र सरळ होता: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमची गच्ची ६०० चौरस मीटर. पहिल्या सरीचं घाण पाणी बाहेर सोडतो, पुढचं गाळून बोअरवेलच्या शेजारच्या खड्ड्यात जिरवतो.

केपटाउनमध्ये २०१८ साली नळच बंद करायची वेळ आली होती. माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली आणि २०१५ पासूनच्या तीन वर्षांत लोकांनी शहराचा वापर जवळपास निम्म्यावर आणला, हे मी नंतर वाचलं. टोकियोची गळती तीन-चार टक्क्यांच्या आसपास आहे, हेही. तिथे रात्री रस्त्यावर माणसं कान लावून पाइप ऐकत फिरतात म्हणे. आमच्या रस्त्याखालची लाइन कुणी ऐकलीय का, असा एक नवा अर्ज केलाय. उत्तर यायचंय.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रात्री टेप सोडायचं काम आता वॉचमनकाका करतात आणि आकडा जिन्यातल्या फळ्यावर लिहितात. ‘बाहेरची माणसं’ म्हणणारे तळमजल्याचे आजोबा सकाळी सगळ्यात आधी तो वाचतात. या महिन्यात फळ्यावर अडीच होता. साडेसातला त्यांनी माझी बेल वाजवली: ‘पोरी, कुणाचं तरी रबर गेलंय. रंगाची बाटली काढ.’