तुम्ही विचारलंत म्हणून : काळ्या कागदामागच्या सीड्या

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याची नजर चहा येईपर्यंत एकदा तरी बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाकडे जाते. कपाटाच्या काचांना आतून काळा कागद चिकटवलेला असल्यामुळे कुतूहल वाढते, दार उघडून दाखवावे लागते, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, की हे सगळे आता मोबाइलवर दिसत असताना जपानी ॲनिमेशनच्या एवढ्या सीड्या कशाला सांभाळता? (आमच्याकडे व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे या साऱ्यांना सरसकट 'सीडी'च म्हणतात, आणि मीही आता दुरुस्त करणे सोडून दिले आहे.) परवा आमच्या साडूंनी तोच प्रश्न हिशेबाच्या अंगाने विचारला. 'एवढ्या पैशांत गाडीचे डाउन पेमेंट झाले असते हो,' असे ते म्हणाले आणि ते खरे असल्यामुळे मी चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. त्या दिवशी देता न आलेले उत्तर येथे लिहितो.

उत्तराची सुरुवात चादरीपासून करावी लागेल. माझे वडील पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात होते. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागाला ठाऊक नसते. ती जेकार्ड नावाच्या, मागावर बसवलेल्या यंत्राच्या पुठ्ठ्याच्या कार्डांत असते. कार्डाला जेथे भोक आहे तेथे ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, जेथे नाही तेथे तो खाली राहतो, आणि अशी शेकडो कार्डे माळेसारखी ओवून मागावर चढवली की मोर, कमळ, वेलबुट्टी जे काय असेल ते उमटू लागते. कारखाना बंद झाला तेव्हा माग भंगारात गेले आणि कार्डांचे गठ्ठे रद्दीच्या भावाने विकले गेले. त्या नक्षीच्या चादरी मात्र अजून कितीतरी घरांत अंथरल्या-पांघरल्या जात आहेत. वडील सांगत, की चादर समोर असेल तर कार्ड पुन्हा मारता येते, फक्त एकेक धागा मोजत बसावे लागते. पण चादरही गेली तर मग उरते ती नुसती आठवण, आणि आठवणीवरून कार्ड मारता येत नाही.

माझ्या कपाटातल्या सीड्या म्हणजे अशा चादरी आहेत. कार्डे, म्हणजे मूळ फिल्म, जपानमध्ये, ज्यांची त्यांच्याकडे.

या कपाटात मुख्यतः १९७० च्या दशकापासून साधारण २००० सालापर्यंतची जपानी ॲनिमेशनची, म्हणजे ॲनिमेची, कामे आहेत. त्या काळात चित्राची रेषा पारदर्शक शीटवर उतरवली जाई, त्या शीटच्या मागच्या बाजूने रंग भरला जाई, मग रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ती शीट ठेवून कॅमेऱ्याने एकेक चौकट फिल्मवर टिपली जाई. या शीटला 'सेल' म्हणतात. चित्रपटांसाठी बहुधा ३५ मिलिमीटरची फिल्म वापरत आणि दूरचित्रवाणी मालिकांसाठी स्वस्तातली १६ मिलिमीटरची. शतक पालटण्याच्या सुमारास बहुतेक स्टुडिओ संगणकावर रंग भरू लागले; 'साझाए-सान' ही मालिका मात्र हट्टाने २०१३ पर्यंत सेलवरच राहिली. यात एक गंमत अशी, की १९८५ सालची फिल्म नीट राहिली असेल तर ती आज पुन्हा स्कॅन करून पूर्वी कधीच दिसले नव्हते इतके स्वच्छ चित्र मिळवता येते, तर २००२ सालची मालिका त्या वेळच्या संगणकावर जेवढ्या बारकाव्याने तयार झाली तेवढ्यावरच कायमची अडकून पडते, कारण तिच्यामागे फिल्म नावाची वस्तूच नाही. जुने ते अधिक टिकाऊ ठरण्याचा असा योग फार थोड्या क्षेत्रांत येत असेल.

अर्थात फिल्म नीट राहिली असेल तर. ॲसिटेटची फिल्म उष्णतेत आणि दमट हवेत स्वतःच कुजू लागते आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. कधी फिल्म कुजण्याचीही गरज नसते, कंपनी बुडाली तरी पुरे. आज आपल्या घरोघरी हिंदी बोलणारा डोरेमॉन प्रथम १९७३ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आला होता; ती मालिका सहा महिने चालली, निर्मितीसंस्था बंद पडली, सामग्री इकडेतिकडे झाली, आणि ती मालिका आजवर अधिकृतपणे कोणत्याही कॅसेटवर किंवा तबकडीवर निघालेली नाही. १९७९ मध्ये दुसऱ्या संस्थेने नव्याने सुरुवात केली तीच पुढे जगभर गेली. आपल्याला यात नवल वाटू नये. 'आलम आरा' हा १९३१ चा आपला पहिला बोलपट आज कोणालाही दाखवता येत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची, म्हणजे तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

यावर साडूंचे म्हणणे असे, की हे सगळे फिल्मच्या काळातले झाले, आता तर सर्व काही सर्व्हरवर सुरक्षित आहे. येथेच आमचा मतभेद आहे. सर्व्हरवर असते ते त्या कामाचे आज मान्य असलेले एक रूप, आणि ते उद्या बदलले तर काल काय होते हे प्रेक्षकाला ताडून पाहता येत नाही. 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' ही १९९५ ची मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा तिचे इंग्रजी डबिंग आणि सबटायटल नव्याने केलेले होते, आणि जपानबाहेरच्या प्रेक्षकांसाठी प्रत्येक भागाच्या शेवटी वाजणारे 'फ्लाय मी टू द मून' हे गाणे काढून टाकलेले होते. ती मालिका ज्यांनी आधी पाहिली होती त्यांना त्या शेवटच्या गाण्याचे मोल ठाऊक होते. ज्यांनी तेथेच पहिल्यांदा पाहिली त्यांना आपण काही गमावले हे कळण्याचा मार्गच नव्हता. जुन्या डीव्हीडीवर ते गाणे आहे आणि तेथून ते कोणालाही काढता येणार नाही.

आपल्या अंगणातले उदाहरण द्यायचे तर जपानचे युगो साको आणि आपले ॲनिमेटर राम मोहन यांच्या भारत-जपान सहकार्यातून झालेल्या रामायणाचे देता येईल. वनराज भाटिया यांचे संगीत असलेला हा हाताने रंगवलेला चित्रपट १९९० च्या दशकात भारतात फारसा चालला नाही आणि पुढे दूरचित्रवाणीवर वारंवार लागल्यामुळे एका पिढीच्या मनात घर करून बसला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो फोर-के स्वरूपात भारतभर चित्रपटगृहांत आला. त्याचे चित्र पाहून मी थक्क झालो, हे कबूल करतो. लंकेतल्या युद्धाचे रंग इतके खोल असतील याची मला कल्पना नव्हती. परंतु त्या हिंदी आवृत्तीत आवाज नवे होते. जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता, आणि माझ्या कानात रावण त्याच आवाजात बोलतो. नवे डबिंग वाईट आहे असे मी म्हणत नाही. दोन्ही असावीत, एवढेच म्हणतो, आणि जुने असायचे तर ते कोणाच्या तरी कपाटात असावे लागते.

याच कारणाने माझ्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू अत्यंत दरिद्री दिसते. ती एक व्हीएचएस कॅसेट आहे आणि तिच्यावर माझ्या आत्याचे लग्न आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागू लागली. ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेली, ५२ भागांची. आपण ती 'आपली' समजलो, कारण तिचे शीर्षकगीत गुलजार यांचे होते, चाल विशाल भारद्वाज यांची होती आणि शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरत होता. आमच्या घरी व्हीसीआर नव्हता. शेजारचे काका लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामे घेत, आणि माझ्या हट्टाखातर त्यांनी काही भाग एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिले होते. पुढे आत्याचे लग्न ठरले, घरात दुसरी कॅसेट नव्हती, आणि काकांनी त्याच कॅसेटवर लग्न चढवले. त्याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही, कारण मला विचारले असते तर मीही होच म्हटले असते, आत्यासमोर नाही म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. पण लग्न कॅसेटपेक्षा थोडे आखूड निघाले. वऱ्हाड निघून जाते, मांडवातल्या रिकाम्या खुर्च्या दिसतात, पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पाऊस पडतो आणि त्यातून एकदम शेरखान बोलू लागतो. सात मिनिटे. मध्येच वॉशिंग पावडरची जाहिरात, मग पुन्हा जंगल, आणि वाक्य अर्धे असतानाच फीत संपते. ही सात मिनिटे मी संगणकावर उतरवून घेतली आहेत, तरी कॅसेट टाकून दिलेली नाही.

आता जे माझ्या विरोधात जाते तेही सांगतो. तबकडी खोटे बोलत नाही, असे काही संग्राहक म्हणतात ते मला मान्य नाही. 'ड्रॅगन बॉल झी' ही मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर, जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी आकारात चित्रित झालेली आहे. २००७ पासून अमेरिकेत तिचे जे संच निघाले त्यांत रुंद टीव्ही भरून जावा म्हणून चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापला आणि फिल्मचा रवा (चित्रावर दिसणारे तिचे बारीक कण) 'घाण' समजून पुसताना रेषांचा जिवंतपणाही पुसला. तो संच माझ्याकडे आहे. तो मी आवडीने पाहत नाही, पण फेकूनही देत नाही, कारण लोकांनी ती मालिका कशा रूपात पाहिली याची तो साक्ष आहे. रव्याचे सांगायचे तर स्ट्रीमिंगलाही तो परवडत नाही. प्रत्येक चौकटीत वेगळा पडणारा तो बारीक खरखरीतपणा दाबून पाठवणे फार महाग असते. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत वाव असतो, त्याच्या काही अंशातच मोबाइलवरचे चित्र भागवावे लागते, आणि मग संध्याकाळच्या आकाशाचे पट्टे पट्टे होतात.

दुसरे असे, की 'विकत घेतलेले डिजिटल' हा शब्दप्रयोगच मला पटेनासा झाला आहे. फनिमेशन या अमेरिकी कंपनीच्या ब्लू-रे संचांत डिजिटल प्रतीचा कोड मिळत असे. त्या कंपनीची स्ट्रीमिंग सेवा २ एप्रिल २०२४ रोजी क्रंचीरोल या ॲनिमेच्याच दुसऱ्या सेवेत विलीन होऊन बंद झाली आणि त्या डिजिटल प्रती नव्या ठिकाणी गेल्या नाहीत. खोक्यातली तबकडी राहिली, खोक्यातला कोड गेला. साडूंना ही हकिकत सांगितली तेव्हा ते क्षणभर गप्प झाले, आणि मग त्यांनी विचारले, की 'पण सीडीसुद्धा खराब होतेच ना?'

होते, आणि काळा कागद त्यासाठीच आहे. कारखान्यात ठशाने काढलेली तबकडी आणि घरी किंवा दुकानात 'मारलेली', म्हणजे संगणकावर कॉपी केलेली, तबकडी या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिलीत माहिती खड्ड्यांच्या रूपात कोरलेली असते आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. दुसरीत बहुधा रंगद्रव्याचा थर असतो, आणि तो उजेडाने व उन्हाने उडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या मारलेल्या सीड्यांचे काय होते, हे मी स्वतः भोगलेले आहे. वीस वर्षांपूर्वी नवी पेठेतून तीस-तीस रुपयांना आणलेल्या माझ्या नकली प्रतींपैकी आता एकही धड चालत नाही, आणि त्या नकली असल्यामुळे तक्रारीला तोंडही नाही. कोकणातल्या मित्राकडे कॅसेटींना बुरशी येते, ती आमच्या कोरड्या हवेत येत नाही, एवढाच दिलासा.

म्हणून दरवर्षी जानेवारीत, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली असते त्या थंड दिवसांत, मी एकेक तबकडी बाहेर काढून ट्यूबलाइटसमोर धरतो. चांगल्या तबकडीतून उजेड फिका आणि सारखा दिसतो. थराला भोके पडू लागली असतील तर टाचणीने टोचल्यासारखे तेजस्वी ठिपके दिसतात, आणि कडेला तपकिरी झाक असेल तर हवा आत शिरू लागली आहे असे समजावे. यंदा अशा तीन निघाल्या. त्यांतल्या दोन वेळेत उतरवून घेता आल्या. तिसरी, १९८० च्या दशकातल्या एका मालिकेची शेवटची तबकडी, एकविसाव्या मिनिटाला अडकते आणि पुढे जात नाही. ज्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांवर मी प्रती काढत आलो त्यांचे उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले, तेव्हा हल्ली दोन हार्ड डिस्कवर प्रत ठेवतो आणि त्यांतली एक बहिणीकडे अक्कलकोटला असते.

आणि चालवायचे कशावर, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. डीव्हीडी ठरावीक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालावी म्हणून जगाचे विभाग पाडलेले आहेत : भारतासाठीची डीव्हीडी पाचव्या विभागाची, जपानची दुसऱ्या, अमेरिकेची पहिल्या, त्यामुळे मला सर्व विभागांच्या तबकड्या घेणारा प्लेअर लागतो. जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीने २०१६ मध्येच हात टेकले. माझा व्हीसीआर सात मिनिटांच्या त्या कॅसेटपुरता जिवंत ठेवला आहे. डीव्हीडी प्लेअर दोन आहेत. एकाचा ट्रे हाताने ओढावा लागतो आणि दुसऱ्याची लेन्स थकली आहे. माझ्या ओळखीचे मेकॅनिक सांगतात, की लेन्स आता नवी मिळत नाही, जुन्या प्लेअरमधूनच काढावी लागेल. तेव्हा पुढच्या वेळी घरची अडगळ काढाल आणि माळ्यावर एखादा बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर सापडेल, तर तो भंगारात देण्याआधी मला एक फोन करा. रिमोट नसला तरी चालेल.