टर्बो पास्कल आणि रनटाइम एरर २०० : कामाची नोंद

सद्यस्थिती : टर्बो पास्कल ७ या पास्कल भाषेच्या कंपायलरमध्ये केलेले डॉसचे जुने प्रोग्राम पेंटियम ३ वर चालवायचे आहेत. ज्यांचा सोर्स (मूळ कोड) हाताशी आहे ते चालायला लागले. नुसती ईएक्सई (कंपाइल झालेली, थेट चालणारी फाइल) असलेल्यांपैकी पॅक केलेल्या, म्हणजे दाबून लहान केलेल्या फायली अजून अडून बसल्यात.

लक्षण नेहमीचंच. प्रोग्राम सुरू होतो न होतो तोच ‘रनटाइम एरर २००’, पुढे पत्ता, आणि परत डॉस प्रॉम्प्ट. २०० म्हणजे शून्याने भागाकार, म्हणून माणूस आपल्या कोडमधले भागाकार धुंडाळत बसतो. इथे शून्याने कुणीच भागलेलं नसतं. पत्त्यात कोलननंतर ००९१ असेल आणि प्रोग्रामने सीआरटी युनिट (स्क्रीन, कीबोर्ड वगैरेंची तयार लायब्ररी) घेतलं असेल, तर आपल्या कोडकडे वळायचंच नाही. पत्ता वेगळा असेल तर आयडीईच्या (टर्बो पास्कलच्या एडिटरच्या) सर्च मेन्यूत ‘फाइंड एरर’मध्ये तो टाकावा, चुकीची ओळ समोर येते. मात्र कंपाइल करताना डीबगची माहिती चालू हवी.

आता मूळ दुखणं. मिलिसेकंदांत थांबण्यासाठी सीआरटीत डिले ही प्रोसीजर आहे. त्यासाठी सीआरटी सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजतं. बायोसच्या घड्याळाचा एक टिक, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंद, होईपर्यंत एक छोटी लूप फिरवायची आणि फेऱ्यांना ५५ने भागायचं. फेऱ्यांचा आकडा डीएक्स आणि एएक्स ही प्रोसेसरची दोन रजिस्टरं मिळून ३२ बिटांत मावतो, पण १६ बिटांच्या डिव्ह (भागाकाराच्या) सूचनेचं उत्तर एकट्या एएक्समध्ये बसावं लागतं. म्हणजे ६५,५३५ ही कमाल. एका टिकमध्ये ३६,०४,४८० फेऱ्या झाल्या की उत्तर मावत नाही. प्रोसेसर मग इंटरप्ट ० देतो, म्हणजे चालू काम थांबवून ठरलेल्या प्रोसीजरकडे उडी मारतो. शून्याने भागलं तरी तोच इंटरप्ट, उत्तर मावलं नाही तरी तोच. पास्कलच्या रनटाइमला दोन्ही सारखेच, म्हणून दोन्हींना २०० चिकटतो. टर्बो पास्कल ७ आलं १९९२ साली. तेव्हाच्या ४८६ वर हा आकडा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

सोर्स असेल तर सर्वांत स्वच्छ इलाज म्हणजे सीआरटीच्या आधी सुरू होणारं एक छोटं युनिट. त्यात गेटइंटव्हेकने इंटरप्ट ० चा जुना व्हेक्टर (त्या प्रोसीजरचा पत्ता) जपून ठेवायचा आणि सेटइंटव्हेकने आपली इंटरप्ट प्रोसीजर बसवायची. प्रोसीजरमध्ये एवढंच तपासायचं : सीएक्स (भाजकाचं रजिस्टर) ५५ आहे का, आणि डीएक्स ५५ किंवा त्याहून जास्त आहे का? दोन्ही खरं असेल तर डीएक्समध्ये ५४ घालून परतायचं. नसेल तर भागाकार खरोखरच फसलाय, रनएरर(२००) द्यायचा. गंमत इथे आहे : २८६ पासून पुढे परतीचा पत्ता पुढच्या सूचनेचा नसतो, त्याच डिव्हचा असतो. त्यामुळे तोच भागाकार पुन्हा होतो आणि या वेळी उत्तर ६४,३४४ ते ६५,५३५ च्या दरम्यान बसतं. मुख्य प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत जुना व्हेक्टर परत लावायचा.

फसतं ते क्रमात. यूजेसमध्ये (प्रोग्रामच्या सुरुवातीच्या युनिटांच्या यादीत) हे युनिट सीआरटीच्या आधी लिहिलं तरी पुरत नाही. त्याच्याही आधी लिहिलेलं एखादं युनिट आतून सीआरटी वापरत असेल, तर सीआरटी तिथेच सुरू होतं आणि आपला पहारा उशिरा बसतो. म्हणून हे युनिट यादीत अगदी पहिलं हवं, आणि त्याने स्वतः सीआरटीला हात लावायचा नाही.

नुसती ईएक्सई असेल तर हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट दाखवणाऱ्या, बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘एफ७ डी० एफ७ डी२ बी९ ३७ ०० एफ७ एफ१’ ही बाइटमाळ शोधायची. आधी फाइलची कॉपी, हे सांगायला नको. ३७ ०० म्हणजे ५५. तिथे २६ ०२ घातलं की भाजक ५५० होतो आणि मर्यादा दहापट वाढते. किंमत अशी की डिलेही दहापट छोटा होतो : १००० मागितले तर १०० मिलिसेकंद मिळतात. सीआरटी फक्त रंग आणि गोटूएक्सवाय (कर्सर हलवणं) यांसाठी घेतलं असेल तर काहीच बिघडत नाही. गेम मात्र हातात मावणार नाही इतका पळेल.

बाइटमाळ सापडलीच नाही तर फाइल बहुधा पीकेलाइट किंवा एलझेडईएक्सईने दाबलेली असते. ती आधी सोडवून घ्यावी लागते. अडलेल्या फायली याच. तोवर त्या बायोसमध्ये कॅश (प्रोसेसरची जलद मेमरी) बंद करून चालवायच्या. मशीन रांगतं, पण एरर येत नाही.

चाचणीला डॉसबॉक्स, म्हणजे डॉसच्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, सोयीचं. त्यातल्या सायकल्स म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला होणाऱ्या सूचना, आणि मोजणीच्या लूपमध्ये एका फेरीला पाच सूचना आहेत. म्हणून हिशेबाने सायकल्स सुमारे ३,२७,६८० च्या वर गेल्या की एरर यायला हवा. मूळ प्रोग्राम आधी ३ लाखांवर, मग ४ लाखांवर फिक्स्ड ठेवून पाहायचा, आणि दुरुस्त केलेला थेट ४ लाखांवर. ज्यांना फक्त प्रोग्राम वापरायचाय, त्यांनी सायकल्स २०,००० वर ठेवून मोकळं व्हावं. ६४ बिटी विंडोजवर डॉसचे प्रोग्राम तसेही थेट चालत नाहीत.

पुढचं काम : दाबलेल्या फायली सोडवणे, आणि भाजक बदललेल्या गेममध्ये ५५० ऐवजी ११० पुरतात का ते पाहणे. ११० म्हणजे ६ई ००. डिले निम्म्यावरच थांबतो, खेळणं शक्य होतं.